हिरवं गास, गुलाबी ऐकस

१

कॉम्प्युटरचा पंखा घरघरला, काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ उमटली. प्रज्ञाने ती दोनदा वाचली. ओळीचा अर्थ एवढाच होता, की सुरू करायला आत काही नाहीच.

ती आणि तिची मावशी नुकत्याच पहूरहून, नात्यातल्या लग्नाहून परतल्या होत्या. बॅग अजून दारातच होती. प्रज्ञाने बटण पुन्हा दाबलं, वायरी हलवून पाहिल्या, तरी पडदा काळाच. मग तिने नवलला फोन केला. नवल म्हणजे देवपुरातला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा; हा कॉम्प्युटर त्यानेच जोडून दिलेला. तो आला, कॅबिनेटचं झाकण काढलं, आत डोकावला आणि मान हलवत मागे सरला.

"ताई, हार्ड डिस्कच नाही. उडाली बिडाली काही नाही, काढून नेली कोणी. आणि बघा, झाकणाचे स्क्रूसुद्धा परत जागच्या जागी बसवलेत."

दाराचं कुलूप शाबूत होतं. माऊस, की-बोर्ड, स्पीकर सगळं जागेवर. कपाटातल्या वस्तूंना कोणी हातही लावला नव्हता. चोराला फक्त ती डिस्क हवी होती.

त्या डिस्कमध्ये तिचे बाबा होते. आधार सुरवाडे गुरुजी. गेल्या वर्षी वारले. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी गाण्यांची पार्टी काढली, स्वतः गाणी लिहिली, चाली लावल्या आणि तालमी या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केल्या. दुसरी प्रत काढू देत नसत. "मी गेल्यावर काय करायचं ते कर," म्हणायचे. ते गेले, आणि तो आवाज उघडायची प्रज्ञाची हिंमत काही होईना.

मग यंदाच्या चौदा एप्रिलच्या जयंतीला ठिणगी पडली. बाबांचा लाडका शिष्य समाधान शिरसाठ जळगावच्या स्टेजवर उभा राहिला आणि बाबांनी लिहिलेलं 'पाटीचं गाणं' गायला. निवेदक म्हणाला, "गीत आणि गायन, समाधान शिरसाठ." लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली बसलेल्या प्रज्ञाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाने बाबांच्या ताटात जेवून बाबांचंच नाव पुसलं होतं.

तिने तेव्हाच ठरवलं. बाबांचा पहिला स्मृतिदिन जळगावातच करायचा, समाधानला पहिल्या रांगेत बसवायचं, आणि भर सभेत बाबांचा मूळ आवाज लावायचा. लोकांच्या डोळ्यांदेखत त्याची फजिती करायची. स्मृतिदिन या रविवारी होता आणि डिस्क गेली होती.

"ज्याने हे केलंय ना," प्रज्ञा दात आवळून म्हणाली, "त्याला मी असं सोडणार नाही. त्याची झोप उडवीन मी."

२

मावशीचं नाव कस्तुरा, पण अख्खं गाव तिला अक्का म्हणायचं. जळगाव पोलिसांत हवालदार म्हणून निवृत्त झालेली बाई. कॉम्प्युटरमधलं तिला शष्प कळत नव्हतं. माणसांमधलं मात्र सगळं कळायचं.

"पोलिसात जाऊ का, अक्का?"

"जा ना. ते लिहून घेतीन, डिस्कनी किंमत इचारतीन, आन रविवार निंघी जाई." अक्काने खुर्ची टेबलामागे ओढली. "आधी माले हे समजाड. हाई बठ्ठं गुंताडं काय शे?"

वायरींचा तो सगळा गुंता प्रज्ञाने एकेक वायर हातात घेऊन सांगायला सुरुवात केली. ही तिची रोजचीच कामगिरी. देवपुरात ती बायकांसाठी कॉम्प्युटरचा क्लास चालवायची आणि पहिला धडा हाच असायचा, कोणती पिन कुठं.

"ही तीन दांड्यांची काळी, ही लाइटची. ही चपटी यूएसबी, माऊसची. दुसरी तशीच, की-बोर्डची. या दोघी कुठल्याही यूएसबीत चालतात. ही जाड निळी, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली, मॉनिटरची. हिला व्हीजीए म्हणतात. शेजारचं हे पसरट भोक एचडीएमआयचं. नव्या टीव्हीला तीच पिन लागते. आपण वापरत नाही. हे चौकोनी भोक इंटरनेटच्या केबलचं. पिन घातली की टक् वाजतं. आणि ही बारीक गोल भोकं आवाजाची. हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं."

"आन बायासना ध्यानमा कसं ऱ्हास?"

"आम्ही म्हणून घेतो ना. हिरवं गास, गुलाबी ऐकस, निळं दखाडस." हिरवं गातं, गुलाबी ऐकतं, निळं दाखवतं; ही म्हण प्रज्ञाने स्वतः बनवली होती. क्लासमधल्या बायका पोळ्या लाटतानाही ती म्हणायच्या.

अक्का हसली. मग निळ्या पिनेचा स्क्रू चिमटीत धरून फिरवू लागली. फिरेना. "हाई ते मरणाचं घट्ट शे."

प्रज्ञा दचकली. बाबांच्या बोटांना संधिवात होता. ते स्क्रू त्यांनी कधी पिळलेच नाहीत. पिन नुसती खुपसलेली असायची, आणि ते गेल्यावर तिनेही तिला हात लावला नव्हता. तिची नजर शेजारी गेली. हिरव्या भोकात हिरवी पिन अगदी नीट बसलेली होती.

"अक्का, हे चुकलंय," ती हळू आवाजात म्हणाली.

"हिरव्यामा हिरवं शे ना. काय चुकनं?"

"तेच चुकलंय. हे भोक केव्हाचं मेलेलं आहे."

३

मागचं हिरवं भोक विजेच्या झटक्यात जळालं होतं. तेव्हापासून बाबा स्पीकरची वायर टेबलाखालून पुढे आणून कॅबिनेटच्या तोंडावरच्या हेडफोनच्या भोकात लावायचे. ही गोष्ट फक्त बाबांना, प्रज्ञाला आणि ती सोय करून देणाऱ्या नवलला माहीत होती.

"म्हंजे चोरनी बठ्ठ्या वायरी काढ्यात, डिस्क काढी, आन परत लावताना हाई एक चुकनी," अक्का म्हणाली. "आते एक ध्यानमा ठेव. डिस्क चोरीला गेली हे तू, मी आन नवल सोडून कोणाले माहीत शे?"

"शिल्पाला. तिला मी लगेच फोन केला."

शिल्पा तिची जिवाभावाची मैत्रीण. क्लासची पहिली विद्यार्थिनी, आता क्लासमध्येच तिच्या जोडीला शिकवायची. रविवारच्या कार्यक्रमाची अर्धी धावपळ तिनेच अंगावर घेतली होती.

"बस. बाकीच्यासले सांगाचं, कॉम्प्युटर बिघडना. नवललेबी बजाव, तोंड बंद."

'कॉम्प्युटर बिघडला' एवढंच सांगत दोघी संशयितांकडे वळल्या. पहिला शेजारचा राकेश. प्रज्ञाचा चुलतभाऊ. पिऊन तालमीला यायचा म्हणून बाबांनी त्याला पार्टीतून काढलं होतं, तेव्हा त्याने "हे डबडं एक दिवस पांझरा नदीत फेकीन" असा दम भर गल्लीत दिला होता. शिवाय घराची किल्ली लग्नाला जाताना त्याच्याच ओट्यावरच्या खुंटीवर ठेवलेली.

"किल्ली? खुंटीवरच होती," राकेश डोळे चोळत म्हणाला. "आधारआबा होते तेव्हापासून तिथेच असते. बठ्ठ्या गल्लीले माहीत शे. मी दिवसभर झोपेल होतो. कोणी नेली, कोणी आणली, माले काय ठाव?"

"कॉम्प्युटर बिघडना आधारभाऊना," अक्का म्हणाली.

"बरं झालं," राकेश म्हणाला आणि लगेच ओशाळला. "म्हणजे, तसं नाही अक्का. एकदा मोबाइल चार्ज करायला त्याच्यात पिन घातली होती मी, ती पण उलटी. आबांनी काय झापलं होतं!"

मग समाधान. त्याला अक्काने फोन करून जळगावहून बोलावून घेतलं. तो आला, बाबांच्या फोटोपुढे वाकला आणि ते वाकणं बघून प्रज्ञाच्या अंगाची लाही लाही झाली.

"कॉम्प्युटर बिघडलाय," ती तुटकपणे म्हणाली. "तुझी चैन आहे. आता काय, बाबांची सगळी गाणी तुझीच."

"ताई, असं नका बोलू. डिस्क गेली हे ऐकून मला दोन घास गेले नाहीत."

अक्काने पदर सावरला. "डिस्क गेली? कोनी सांगं रे तुले?"

समाधान गडबडला. "कोणी म्हणजे… बोलत होतं कोणीतरी."

"पाटीचं गाणं कोणाचं आहे, समाधान?" प्रज्ञाने आवाज चढवला. "बाबांच्या फोटोसमोर सांग. कोणाचं आहे?"

"गुरुजींनी…" तो म्हणाला आणि फोटोकडे बघून थांबला. मग खाली मान घालून चपला घालून निघून गेला.

"बघितलंस? तोच!" प्रज्ञा दाराकडे बोट दाखवत म्हणाली. "चोराच्या मनात चांदणं!"

"त्याना पोटमा काहीतरी शे, हाई खरं," अक्का म्हणाली. "पन चोर शे का, ते आपन वायरीसलेच इचारू. सकाळे बठ्ठ्यासले चहाले बलाव."

४

सकाळी अक्काने सगळ्या वायरी काढून टेबलावर ठेवल्या. ओट्यावर राकेश, निरोपावरून परत आलेला समाधान, नवल आणि शिल्पा चहा पीत बसले होते. अक्का एकेकाला आत बोलवायची आणि एकच काम सांगायची, "भाऊ, एवढं जोडी दे."

राकेशने यूएसबीची पिन इंटरनेटच्या भोकात कोंबली, ती जाईना म्हणून शिवी हासडली आणि बाहेर गेला.

समाधानने आधी मोबाइल काढला. "अक्का, काढायच्या आधी फोटो काढायला पाहिजे होता. मी तर घरच्या टीव्हीचाही फोटो काढून ठेवतो. नाहीतर मला काही कळत नाही यातलं." त्याने निळी पिन उलटसुलट करून पाहिली आणि हात जोडले.

नवलने झटपट सगळं लावलं. स्पीकरची वायर हातात येताच मागे बघितलंसुद्धा नाही. टेबलाखाली वाकला, वायर ओढून पुढे आणली आणि पुढच्या भोकात घातली. "मागचं मेलेलं आहे," तो जाता जाता म्हणाला.

अक्काने वायरी पुन्हा काढल्या आणि शेवटी शिल्पाला बोलावलं. प्रज्ञाला ते आवडलं नाही. "हिला कशाला? ही आपलीच आहे."

"अवं, सगळ्यासले चहा पाजा, हिलेच उपाशी ठेवू का?"

शिल्पा हसली, पदर खोचला आणि कामाला लागली. तिचे हात सफाईने चालत होते. ओठांत पुटपुटणंही चालू होतं. हिरवं गास, म्हणत तिने हिरवी पिन मागच्या हिरव्या भोकात बसवली. निळं दखाडस, म्हणत निळी पिन लावली आणि दोन्ही स्क्रू चिमटीने कचकचून पिळले. क्लासमध्ये प्रज्ञा रोज तेच सांगायची, स्क्रू पिळल्याशिवाय उठायचं नाही.

प्रज्ञाने त्या स्क्रूंकडे पाहिलं, मग हिरव्या पिनेकडे.

"पोरी," अक्का शांतपणे शिल्पाला म्हणाली, "बस जराशी. ज्याले येत नही तो फोटो काढस आन व्हतं तसंच लावस. नवलले या घरनं दुखणं माहीत शे, तो मरेल भोकमा पिन घालाव नही. ज्याले पक्कं येस, आन या घरना कॉम्प्युटर माहीत नही, तोच फोटो न काढता बिनधास्त नियमपरमानं लावस. नियम तुले प्रज्ञानी शिकाडा. डिस्क गयी हाई समाधानले सांगणारं माणूस एकतर नवल, नहीतर तू. नवल ते नही. मंग कोन ऱ्हायनं?"

पिळलेला स्क्रू शिल्पा नुसतीच बोटांनी चाचपत राहिली.

५

डिस्क शिल्पाच्या घरी दादर ज्वारीच्या कोठीत, दाण्यांच्या तळाशी, ओढणीत गुंडाळून ठेवलेली होती. ती घेऊन आली तेव्हा ओट्यावरचे सगळे गेले होते. अक्काने कोणालाही काही कळू दिलं नव्हतं.

"आमचं लग्न ठरतंय," शिल्पा रडत म्हणाली. "समाधानचं आणि माझं. त्याला यातलं काही माहीत नाही, शप्पथ. डिस्क गेली एवढंच मी त्याला फोनवर सांगितलं. तू भर सभेत त्याला नागवा करणार होतीस, प्रज्ञा. त्याच्या गाण्यावर थुंकले असते लोक. मी कशी बघत बसू?"

"म्हणून माझ्या बाबांना दाण्यांत पुरलंस?" प्रज्ञाला तिच्या झिंज्या धरून ओढावंसं वाटत होतं. "माझ्याच हातचं शिकून केसानं गळा कापलास माझा! पुसून टाकलंस का आतलं?"

"नाही. उघडलीच नाही. माझ्या लॅपटॉपला सगळी यूएसबीची भोकं. या डिस्कची पिन निराळी, ती कशातच बसेना. एकदा ऐकावं असं फार वाटलं मला."

नवलला परत बोलावलं. त्याने डिस्क बसवली, काही न विचारता निघून गेला. प्रज्ञाने स्पीकरची वायर पुढच्या भोकात लावली आणि 'पाटी' नावाचं रेकॉर्डिंग उघडलं.

आधी खोकला आला. तोच, सकाळचा, सवयीचा. प्रज्ञाने तोंडावर हात दाबला. मग ढोलकी, मग समाधानचा कोवळा आवाज, मध्येच अडखळलेला. आणि मग बाबा बोलले.

"थांब. समाधान, हाई गानं तुना गळाले बसनं. मनाकडथीन हाई इतलं गोड कधीच व्हयनं नही. आते हाई तुनं. नाव तुनंच लाव."

"नही गुरुजी, असं कसं? लिहिलं तुम्ही."

"मनं नाव लावशी ते लोक मना फोटोले हार घालतीन, आन गानं तठेच ऱ्हाई. तुनं नाव लाव, गावोगाव गा. माले शब्द दे, कोनले सांगाव नही. मना पोरीलेबी नही, ती भांडखोर शे."

बाबा हसले. ढोलकी पुन्हा सुरू झाली.

प्रज्ञाने एवढे महिने जपलेला, फुंकर घालून पेटता ठेवलेला राग, आणि त्याला आता जायला जागाच नव्हती. गाणं आणि नाव बाबांनीच त्याला दिलं होतं, आणि समाधानने शब्द पाळला होता. तिच्याकडून शिव्या खाऊनही तोंड उघडलं नव्हतं.

शिल्पाच मग पुढे सरकली. तिच्या डोळ्यांत भलतीच आशा चमकत होती. "प्रज्ञा, हे वाजव ना रविवारी! सगळ्यांना कळू दे, तो चोर नाही. तुझ्या पाया पडते."

ती आशा बघितली आणि प्रज्ञाचा राग वाट सापडल्यासारखा तिच्याकडे वळला. तिने वाकून स्पीकरची पिन उपटली. बाबांचा आवाज अर्ध्या शब्दावर तुटला.

"हे कोणी ऐकू नये म्हणून चोरलंस ना तू? मग नाहीच ऐकणार कोणी. जन्मभर त्याला लोक गाणंचोर म्हणू देत. तू बस त्याच्या शेजारी ऐकत."

शिल्पा हुंदके देऊ लागली. अक्काने मात्र सुपारी कातरत मान वर केली.

"मंग काय व्हयनं?" ती म्हणाली. "चोर बदलना. आधारभाऊ दाण्यासमाईन निंघना आन पोरीना मुठमा सापडना."

आधी शिल्पाने दाण्यांत लपवलेले बाबा आता तिच्या स्वतःच्या मुठीत अडकले होते; प्रज्ञाने हातातली पिन टेबलावर ठेवली. शिल्पाचे हुंदके ऐकू येत होते आणि ते ऐकायला तिला बरं वाटत होतं. हे बरं वाटणंही तिने लपवलं नाही.

"रविवारी मशीन तू जोडायचं," ती शेवटी शिल्पाला म्हणाली. "सगळ्यांसमोर. पुढच्या भोकात."

६

जळगावचा हॉल खचाखच भरला. स्टेजवर बाबांच्या फोटोशेजारी तो जुना कॉम्प्युटर ठेवला होता. शिल्पाने वायरी जोडल्या. निळी पिन तिसऱ्या खेपेला बसली.

प्रज्ञाने एक शब्दही न कापता सगळं रेकॉर्डिंग लावलं. खोकला, ढोलकी, 'ती भांडखोर शे' हेसुद्धा. त्या वाक्यावर हॉल हसला आणि हसता हसता कित्येकांचे डोळे भरून आले. मग ती माइकपुढे गेली, "समाधानवर मी जे जे आरोप केले ते खोटे होते," एवढंच बोलली आणि खाली उतरली. लोक उभे राहिले. पहिल्या रांगेत समाधान ओंजळीत तोंड लपवून रडत होता.

नाश्त्याच्या गर्दीत तो तिला शोधत आला आणि वाकला. "ताई, मला बोलता येत नव्हतं. गुरुजींना शब्द दिला होता."

"मला माफ कर," प्रज्ञा म्हणाली. हे शब्द तिला जड गेले, पण ते खरे होते.

समाधानने डोळे पुसले. त्याच्या मागे शिल्पा ताटल्या घेऊन उभी होती. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि लाजत म्हणाला, "आमचं ठरतंय, ताई. तुम्हाला सांगायचंच होतं."

"वा," प्रज्ञा म्हणाली.

"एकच सांगा फक्त." त्याचा आवाज कडक झाला. "डिस्क कोणी नेली होती? गुरुजींचा आवाज चोरणाऱ्याचं तोंड मला आयुष्यात बघायचं नाही. मग तो सख्खा भाऊ का असेना."

शिल्पाने प्रज्ञाकडे पाहिलं. अक्का दूरवरून बघत होती, पण मध्ये पडली नाही.

प्रज्ञाने घाई केली नाही. ताटलीतला पोह्यांचा शेवटचा घास खाल्ला, बोट चाटून पुसलं, शिल्पाच्या डोळ्यांत बघितलं आणि गोड हसली.

"सांगेन ना," ती म्हणाली. "आज नको. तुमच्या लग्नात भेटूच."